पृष्ठवंशी प्राण्यांतील रक्ताभिसरण

पृष्ठवंशी प्राण्यांत रक्त बंद वाहिन्यांतूनच फिरते. फरक पडतो तो हृदयाच्या कप्प्यांत आणि रक्त ऑक्सिजन घ्यायला कोणत्या वाटेने जाते यात.

बहुतेक माशांत एक अलिंद (रक्त आत घेणारा कप्पा), एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) आणि एकेरी अभिसरण असते. हृदयातून निघालेले रक्त कल्ल्यांत ऑक्सिजन घेते आणि हृदयाकडे न परतता तसेच शरीरभर जाते. कल्ल्यांतील केसासारख्या बारीक केशवाहिन्यांतून जाताना त्याचा दाब बराच उतरतो. फुप्फुसे असलेल्या प्राण्यांत रक्त फुप्फुसांतून हृदयात परतते आणि नव्या जोराने शरीराकडे ढकलले जाते. हे दुहेरी अभिसरण.

बेडकात दोन अलिंदे व एकच निलय असल्याने त्याचे हृदय ‘अपुरे’ ठरवण्याची शालेय सवय आहे. ती सोडलेली बरी. निलयातील खाचा आणि निलयापुढच्या नळीतील सर्पिल झडप यांमुळे ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताचे दोन प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात. शिवाय बेडूक त्वचेवाटेही श्वसन करतो आणि त्वचेतून येणारे ऑक्सिजनयुक्त रक्त उजव्या अलिंदात उतरते. तेव्हा ‘उजवीकडचे ते अशुद्ध’, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेले, हा हिशेब इथे लागूच पडत नाही.

सरडे, साप, कासवे यांच्या निलयात अर्धवट पडदा असतो. मगरीत तो पूर्ण असून हृदय चार कप्प्यांचे असते. तरी शरीराकडे रक्त नेणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांपैकी एक, डावी महारोहिणी, उजव्या निलयातून निघते. दोन्ही महारोहिण्यांना जोडणारे छिद्र बार्तोलोमेओ पानिझ्झा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या फुप्फुसरोहिणीच्या तोंडाशी दातेरी झडप असते. ती आवळली की रक्त फुप्फुसे टाळून पुन्हा शरीरात जाते. पाण्याखाली श्वास रोखलेला असताना फुप्फुसांकडे रक्त पाठवून फारसे साधतही नाही. पण ही सोय केवळ बुडीसाठी की पचनासाठीही, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

पक्षी व सस्तन प्राण्यांत चार कप्पे स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले. पक्ष्यांत महारोहिणीची कमान उजवीकडे वळते, सस्तनांत डावीकडे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, सस्तनांच्या परिपक्व पेशींत नसते. फुप्फुसे टाळण्याची वाट मात्र सस्तनांतही काही काळ असते. गर्भाच्या दोन अलिंदांमधील पडद्याला छिद्र असते. जन्मानंतर पहिल्या श्वासांबरोबर डाव्या अलिंदातील दाब वाढतो आणि त्या छिद्रावरची पातळ झडप पडद्याला चिकटून बसते.