चुरस की खुन्नस? सरावातल्या मारामारीकडे बघताना

फुटबॉलच्या सरावात एकाच संघातले दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून गेल्याचा व्हिडिओ बाहेर आला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणते, "संपलं, संघ फुटला." दुसरी म्हणते, "पोरांमध्ये आग आहे, यंदा कप आपलाच." दोन्ही मतं त्याच दहा सेकंदांवरून बनलेली असतात. त्या दहा सेकंदांत कॉलर धरलेली दिसते, पण ती चुरशीतून धरली की खुन्नसमधून, हे दिसत नाही. आणि सगळा फरक तिथेच आहे.

चुरस म्हणजे "मला ती जागा हवी आहे". खुन्नस म्हणजे "तुला ती मिळता कामा नये". चुरशीत डोळा चेंडूवर असतो. पाय उशिरा पोचतो, समोरचा पडतो, उठून ढकलतो, तिघं-चौघं मध्ये पडतात आणि पाच मिनिटांत खेळ पुन्हा सुरू होतो. खुन्नसमध्ये माणसावर डूख धरलेला असतो. चेंडू निघून गेल्यावर टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावायला घातलेला पाय, येतं, तेही आठवडाभर त्याच एका घोट्यावर.

मुळात फुटबॉलचा सराव हा भांडणासाठी फारच सोयीचा प्रकार आहे. संघात पंचवीसेक जण आणि मैदानात जागा अकरा. राखीव बचावपटू रोज ज्याला अडवतो तो पहिल्या पसंतीचा आघाडीपटू असतो. त्याला चांगलं अडवलं तरच रविवारी आपलं नाव लागणार. त्यात पाचास पाच असा लहान जागेतला खेळ, म्हणजे अंगाला अंग लागणारच. शिट्टी प्रशिक्षकाच्या हातात, आणि वेग टिकावा म्हणून तो लहानसहान फाउलकडे मुद्दाम कानाडोळा करतो. सामन्यात फाउलला फ्रीकिक मिळते, सरावात बऱ्याचदा काहीच मिळत नाही. मग खेळाडू हिशेब स्वतःच चुकता करतो. त्यामुळे अधूनमधून भांड्याला भांडं लागणं हे मला तरी आजाराचं लक्षण वाटत नाही. वर्षभर अजिबात आवाज आला नाही, तर भांडी कपाटातून बाहेर तरी काढली का, असा प्रश्न पडतो.

हे दोन प्रकार ओळखायला शिकायचं तर जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबसारखी शाळा नाही. एप्रिल 2012 मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, मध्यंतराला, फ्रीकिक कोणी घ्यायची यावरून झालेल्या वादात फ्रँक रिबेरीने आपल्याच संघातल्या आर्यन रॉबेनवर हात उचलला. क्लबने दंड केला, रिबेरीने माफी मागितली. पुढच्या वर्षी, 25 मे 2013 ला लंडनच्या वेम्बलीवर, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या 89व्या मिनिटाला रॉबेनने बोरुसिया डॉर्टमुंडविरुद्ध विजयी गोल केला. त्याला चेंडू टाचेने सोडणारा होता रिबेरी.

एप्रिल 2019 मध्ये त्याच क्लबच्या सरावात रॉबर्ट लेवांडोव्स्की आणि किंग्सली कोमान यांच्यात ठोसाठोशी झाली. सहकाऱ्यांनी ओढून बाजूला केलं. दोघांनी माफी मागितली आणि प्रशिक्षक निको कोवाच यांनी दंडसुद्धा केला नाही. तीनच दिवसांनी ड्युसेलडॉर्फवर 4-1 असा विजय मिळाला, त्यात दोन गोल कोमानचे. त्या मोसमात लीग आणि जर्मन कप दोन्ही बायर्नकडे आले.

एप्रिल 2023 ला मात्र चित्र वेगळं होतं. मँचेस्टर सिटीकडून 3-0 असा मार खाल्ल्यावर ड्रेसिंग रूममध्ये सादिओ मानेने लेरॉय सानेला मारलं. मानेला एका सामन्यातून वगळलं, दंड झाला आणि उन्हाळ्यात तो क्लब सोडून सौदी अरेबियात गेला. लीग तेव्हाही बायर्ननेच जिंकली, अगदी शेवटच्या दिवशी. म्हणजे करंडक मोजून भांडणाचा निकाल लावायला गेलो तर तिन्ही प्रकरणं सारखीच वाटतील. 2013 च्या त्या टाचेच्या पासकडे बघितलं की फरक कळतो.

माझी कसोटी हीच आहे: भांडणानंतर पास जातो का?

पास न जाण्याने काय होतं ते इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबने सगळ्या जगाला दाखवलं. 2 एप्रिल 2005, घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाविरुद्ध 3-0 ने मागे, एक खेळाडू आधीच बाहेर. आणि चालू सामन्यात ली बोयर आणि किरॉन डायर हे एकाच जर्सीतले दोघे एकमेकांना बुक्के मारू लागले. कारण काय, तर डायर आपल्याला पास देत नाही, ही बोयरची तक्रार. दोघांना लाल कार्ड, संघ आठ जणांवर. बोयरचा सहा आठवड्यांचा पगार कापला गेला. पंधरा दिवसांनी एफए कपच्या उपांत्य सामन्यात दोघंही निलंबित होते आणि न्यूकॅसल मँचेस्टर युनायटेडकडून 4-1 ने हरलं. ठोसे त्या दिवशी पडले, पण पासची तक्रार काही त्या मिनिटाला जन्मलेली नव्हती.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. पण माझ्याच मांडणीला अडचणीत आणणारी एक जोडी आहे. अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅम मँचेस्टर युनायटेडमध्ये 1997 पासून चार वर्षं एकत्र होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. कोलने पुढे कारण सांगितलं: 1995 मध्ये इंग्लंडकडून पहिल्यांदा मैदानात उतरताना, बाहेर येणाऱ्या शेरिंगहॅमने हस्तांदोलन टाळलं. एवढ्यावरून वर्षानुवर्षं अबोला. कधी हात उचलला गेला नाही, पण खुन्नस अस्सल होती. आणि तरीही 1999 मध्ये युनायटेडने एकाच मोसमात लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकली. म्हणजे मारामारी नाही म्हणून खुन्नस नाही असं होत नाही, आणि खुन्नस आहे म्हणून संघ बुडेलच असंही नाही. त्या दोघांनी ती चेंडूपासून लांब ठेवली. असे लोक विरळा असतात, त्यांच्या भरवशावर संघ बांधू नये.

आता "आग असलेले संघच जिंकतात" या लाडक्या सिद्धांताकडे येऊ. त्याचे पुरावे नेहमी चॅम्पियन संघांतून येतात. नोव्हेंबर 2010 मध्ये एसी मिलानच्या सरावात झ्लाटान इब्राहिमोविच आणि ओगुची ओन्येवू यांच्यात जुंपली. झ्लाटानची बरगडी मोडली आणि मिलानने त्या मोसमात लीग जिंकली. एप्रिल 2021 मध्ये चेल्सी वेस्ट ब्रॉमविचकडून 5-2 ने हरली. दुसऱ्या दिवशी सरावात अँटोनियो रुडिगर आणि गोलरक्षक केपा भिडले, प्रशिक्षक थॉमस टुखेल यांनी रुडिगरला आत पाठवलं. मेअखेर चॅम्पियन्स लीग चेल्सीची. या कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात कारण शेवट गोड आहे. तळाच्या संघांतही भांडणं होतात, पण त्यांचे किस्से कोण रंगवून सांगणार? शिवाय मिलानच्या कथेचा एक तुकडा गाळला जातो: ओन्येवू दोन महिन्यांत उसनवारीवर दुसऱ्या क्लबात गेला. जिंकणाऱ्या कथेतही कोणीतरी बाहेर पडलेलं असतं.

"एकदा भडास निघाली की मन मोकळं होतं" हे तर मला अजिबात पटत नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये चिडवलेल्या लोकांना पंचिंग बॅग बडवायला दिली. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बडवणारे नंतर जास्त रागावलेले निघाले. नुसतं शांत बसवलेले सर्वांत कमी. मन मोकळं होतं ते माफीने आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळल्याने. ठोशाला त्याचं श्रेय उगाच मिळतं.

गटांतल्या वादांचा अभ्यास करणाऱ्या कॅरन जेन यांनी 1995 मध्ये कामावरचा वाद आणि माणसावरचा वाद असा फरक मांडला होता. पहिला काही वेळा उपयोगी, दुसरा घातक. पुढे 2003 मध्ये दि ड्रू आणि वाइनगार्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा दोन्ही वादांबरोबर कामगिरी खालावलेलीच दिसली. 2012 च्या आणखी मोठ्या आढाव्याने थोडा दिलासा दिला: कामावरचा वाद माणसावर घसरत नसेल तर त्याचं नुकसान कमी. मैदानाच्या भाषेत सांगायचं तर, चुरशीची खुन्नस होऊ दिली नाही तर निभावतं. पण हे अभ्यास बोलाचालीच्या वादांचे आहेत. ठोशाने कामगिरी सुधारते असं त्यांतून कुठेही निघत नाही.

प्रशिक्षकाच्या हातात मग उरतं काय? लवकर शिट्टी वाजवणं. दोघांना त्याच दिवशी समोरासमोर आणणं. आणि मारणारा स्टार व मार खाणारा नवखा असेल तर त्याला "चुरस" म्हणून खपवू न देणं, कारण तिथे उलट ढकलायची सोय एकालाच असते. बाकीचे काय करतात हेही बघावं. ते मध्ये पडले तर ठीक. दोन बाजूंना उभे राहिले, तर भांडण दोघांचं राहिलेलं नसतं.

फेब्रुवारी 2007 मध्ये लिव्हरपूलचा संघ बार्सिलोनाविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सामन्याआधी पोर्तुगालमध्ये सराव शिबिराला गेला होता. तिथे रात्री वाद होऊन क्रेग बेलामीने जॉन आर्ने रीसेला गोल्फच्या काठीने मारलं. चुरस वगैरे म्हणायला इथे चेंडूच नव्हता. 21 फेब्रुवारीला बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानावर लिव्हरपूल 2-1 ने जिंकलं. पहिला गोल बेलामीचा, आणि त्याने तो हवेत गोल्फची काठी फिरवून साजरा केला. दुसरा रीसेचा, बेलामीच्या पासवर. संघ त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत गेला. बेलामीला क्लबने उन्हाळ्यात विकून टाकलं.