पांढऱ्या जास्वंदीचा पांढरा रंग

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला जास्वंदीची अकरा झाडं आहेत. आठ लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. पहाटे साडेपाचला फिरायला निघणाऱ्यांच्या हातात पिशव्या असतात, आणि सहा वाजेपर्यंत लाल झाडांवर औषधालाही फूल उरत नाही. गणपतीला लाल हवं, देवीला लाल हवं. पांढऱ्या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यामुळे दिवसभर फुललेलं दिसतं ते तेवढंच. कुंपणाला जास्वंद लावून तिची फुलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची इच्छा असेल तर पांढरी लावा, हा माझा पहिला सल्ला. त्यात वनस्पतिशास्त्र काहीही नाही.

वनस्पतिशास्त्र बघायचं तर त्यातलं एक फूल तोडावं लागेल. एक पाकळी घ्या आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात जोरात चेमटा. दाबलेला भाग पांढरा राहत नाही. तेलाचा थेंब पडलेल्या कागदासारखा तो अर्धपारदर्शक होतो. मग पांढरा रंग गेला कुठे? तो रंगद्रव्य म्हणून पाकळीत कधी नव्हताच. पाकळीतल्या पेशी जवळजवळ रंगहीन असतात, पण पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. प्रकाश पेशीतून हवेत, हवेतून पुन्हा पेशीत असा शिरताना प्रत्येक वेळी थोडा वळतो, थोडा परततो, आणि शेवटी चहूकडे विखुरतो. सगळे रंग सारखेच विखुरले की आपल्याला पांढरं दिसतं. साबणाचं पाणी रंगहीन आणि त्याचा फेस पांढरा, त्यातलाच हा प्रकार. चिमटीत पेशी फुटल्या, रसाने पोकळ्या भरल्या, हवा निघून गेली आणि पांढरेपण संपलं. पावसाळ्यात मार खाल्लेल्या फुलांवर काचेरी डाग दिसतात, त्यांचंही कारण हेच.

आता दुसरा प्रयोग. शाळेत लाल जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून दर्शक कागद केल्याचं अनेकांना आठवत असेल. लिंबाच्या रसात तो गडद गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीत हिरवा. हिरवा का, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पांढरं फूल ते सांगतं. पांढरी पाकळी खायच्या चुन्याच्या निवळीत चुरडून बघा, तिच्यावर पिवळट झाक येते. म्हणजे पांढऱ्या पाकळीत काहीतरी आहे, फक्त आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. या रसायनांना फ्लॅव्हॉनॉल म्हणतात. ती एरवी रंगहीन असतात आणि चुन्याच्या निवळीसारख्या अल्कलीत पिवळी होतात. लाल फुलात हीच फ्लॅव्हॉनॉल असतात, वर अँथोसायनिन हे लाल द्रव्यही असतं, आणि अँथोसायनिन अल्कलीत निळसर होतं. निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं. शाळेतल्या त्या हिरव्या कागदात पांढऱ्या फुलाचाही वाटा होता.

पेशीतल्या रासायनिक कारखान्यात फ्लॅव्हॉनॉल आणि अँथोसायनिन ही दोन्ही द्रव्यं एकाच वाटेने तयार होत येतात आणि शेवटाकडे या वाटेला फाटे फुटतात. पांढऱ्या जास्वंदीत लाल रंगाकडे जाणाऱ्या फाट्यावर कुठेतरी काम थांबलेलं असतं. काही पांढऱ्या जातींत ते सगळ्या पाकळीत थांबतं, पण घशाशी चालू राहतं. मग शुभ्र फुलाच्या मध्यभागी लालभडक ठिपका उमटतो. दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल मुगुंगह्वा हे जास्वंदीच्याच कुळातलं. त्याच्या अशा लाल घशाच्या फुलांना तिकडे ‘दानसिम’ म्हणतात. शब्दाचा अर्थ लाल हृदय.

ही रंगहीन द्रव्यं झाडाला निरुपयोगी नाहीत. ती अतिनील किरण शोषून घेतात. आपल्याला अतिनील दिसत नाही म्हणून आपलं काही बिघडत नाही, पण मधमाशीला ते दिसतं. तिच्या दृष्टीने आपलं ‘पांढरं’ फूल म्हणजे एक रंग वजा झालेलं, निळसर-हिरव्या छटेचं फूल. शिंजीर पक्ष्याला मात्र रंगाचं फारसं सोयरसुतक नसावं. तो लाल फुलाइतकाच बिनदिक्कत पांढऱ्या फुलाच्या बुडाशी बाजूने चोच खुपसतो, मध पितो आणि परागकणांना स्पर्शही न करता निघून जातो. सरळसरळ चोरी. आमच्या पिशवीवाल्यांना हा पक्षी जवळचा.

लाल रंगाचं काम काही फुलांत कायमचं बंद नसतं, नुसतं उशिरा सुरू होतं. स्थलपद्म, म्हणजे रंग बदलणारी जास्वंद, सकाळी शुभ्र उमलते, दुपारी गुलाबी होते आणि संध्याकाळी गडद लालसर होऊन मिटते. उन्हं चढू लागली की तिच्या पाकळ्यांत अँथोसायनिन बनवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) लगबग सुरू होते. या लगबगीला ऊब लागते. सकाळचं पांढरं फूल तोडून फ्रिजमध्ये ठेवलं तर ते पांढरंच राहतं, बाहेर काढल्यावर गुलाबी होऊ लागतं. मुलं घरात असतील तर सुट्टीच्या दिवशी जरूर करून बघा. चीनमधल्या चेंगदू शहरात दहाव्या शतकात मंग छांग या राजाने तटबंदीवर हीच झाडं लावली होती. त्यावरून शहराला मिळालेलं ‘रोंगछेंग’, स्थलपद्माचं नगर, हे नाव आजही वापरात आहे.

जास्वंदीला वास नसतो असं आपण गृहीत धरतो, आणि आपल्या लाल जास्वंदीपुरतं ते खरंही आहे. पण हवाई बेटांवरच्या दोन पांढऱ्या रानजास्वंदी सुगंधी आहेत. एक ओआहू आणि मोलोकाई बेटांवरची, दुसरी काउआई बेटावरची. काउआईवालीची फुलं सकाळी पांढरी असतात आणि दुपारनंतर गुलाबी होतात. ओआहूवालीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस अर्नोटियानस. ज्याच्यावरून ते दिलं तो स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ वॉकर-अर्नोट. याच अर्नोटने रॉबर्ट वाइटबरोबर दक्षिण भारताच्या वनस्पतींवरचा पायाभूत ग्रंथ १८३४ मध्ये लिहिला होता. या हवाईयन जास्वंदीचा संकर पुढे बागेतल्या जास्वंदींशी भरपूर झाला. आपली नेहमीची जास्वंद मुळात रानात कुठेही सापडत नाही. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘चीनचा गुलाब’ असं नाव दिलं खरं, पण ती माणसानेच फांद्या तोडून-लावून जगभर नेलेली आहे. बी क्वचितच धरते.

आता बागेतल्या जागेबद्दल. परदेशी मासिकांत चांदण्यात बघायच्या पांढऱ्या बागांची छायाचित्रं येतात, आणि ती बघून काही जण संध्याकाळी बसायच्या ओट्याजवळ पांढरी जास्वंद लावतात. मीही लावली होती. संध्याकाळी आपण चहाचा कप घेऊन बसतो तेव्हा समोर काय असतं? गुंडाळलेल्या छत्र्या! नेहमीची जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा त्याच संध्याकाळी मिटते. थंडीत एखादं फूल दुसरा दिवस बघतं. संध्याकाळच्या ओट्यासाठी मोगरा, अनंत, रातराणी असताना जास्वंदीवर ही जबाबदारी टाकायचं कारणच काय? तिची जागा पूर्वेकडे, जिथे आपण सकाळी दात घासत उभे असतो तिथे.

पहाटेच्या अंधुक उजेडातही पांढरीच दिसते, लाल दिसत नाही. अंधारात डोळ्यांतल्या वेगळ्या पेशी काम करतात आणि लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवत नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याची नोंद केली होती. उजाडण्याआधी लाल जास्वंद काळी दिसते, पानांत हरवते. म्हणून तर आमचे पिशवीवाले मोबाइलचा टॉर्च लावतात.

पार्श्वभूमी गडद हवी. चुना दिलेल्या भिंतीपुढे पांढरी जास्वंद लावणं म्हणजे झाड फुकट घालवणं. जांभ्याच्या उघड्या भिंतीपुढे, किंवा आंब्या-फणसाच्या गर्द पानांपुढे तीच जास्वंद दुरून ओळखू येते. कुंपण करायचं असेल तर दोन झाडांत दोन-अडीच फूट अंतर पुरतं. एकटं झाड मोकळं वाढवायचं तर चारही बाजूंनी पाच-सहा फूट सोडा. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणीला घाबरू नका. थंडी ओसरली की एक तृतीयांश छाटा. सगळं झाड एकदम बोडकं मात्र करू नका.

न्यू जर्सी किंवा टोरोंटोकडच्या नातेवाइकांना आपली जास्वंद बाहेर लावता येत नाही, बर्फात ती मरते. त्यांच्यासाठी वर सांगितलेली कोरियाची जात आहे. ती हिवाळ्यात पानं गाळते आणि उणे २० अंशही सोसते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी तिच्यातून ‘डायना’ नावाचा शुभ्र वाण काढला. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत. तिनाची सारखी वाटणी होत नाही, त्यामुळे बी जवळजवळ धरत नाही. झाडाची बियांवर जाणारी ताकद वाचते, फुलांचा हंगाम लांबतो आणि अंगणभर आपोआप रोपं उगवत नाहीत. ‘डायना’ची फुलं रात्रीही उघडी राहतात, म्हणजे संध्याकाळच्या ओट्याची हौस त्यांची भागू शकते.

आपल्याकडे खरी अडचण मातीची. कोकणात, गोव्यात जांभ्याची आम्लधर्मी माती जास्वंदीला मानवते. देशावरच्या चुनखडी असलेल्या काळ्या मातीत तीच जास्वंद पिवळी पडते, आणि पिवळी पडण्याची तिची एक खूण आहे: कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. मातीत लोह नसतं असं नाही, पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकतं की मुळांना घेता येत नाही. लोक अशा वेळी शेणखत वाढवतात, पाणी वाढवतात. पाण्याने तर दुखणं बळावतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून पानांवर संध्याकाळी फवारा. फुलं आणि फरशी वाचवून फवारा, कारण लोहाचे तांबूस डाग पांढऱ्या पाकळीवर लपत नाहीत. कुंडीतली जास्वंद असेल तर माती बदलणंच सोपं.

नवीन रोपासाठी पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा वीतभर तुकडा घ्या, पेऱ्याच्या खाली तिरका काप द्या, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. साधी एकेरी पांढरी अशा छाट कलमाने लागते. रोपवाटिकेतल्या थाळीएवढ्या फुलांच्या संकरित पांढऱ्या जातींची मुळं कमजोर असतात, म्हणून त्या बहुधा दणकट जास्वंदीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. विकत घेताना बुडाशी जोड बघा. जोडाखालून फुटवा आला तर लगेच काढा. नाहीतर दोन वर्षांत पांढऱ्या झाडावर लाल फुलं येतील, आणि शेजारी म्हणतील चमत्कार झाला.

भेंडी, कापूस, अंबाडी ही जास्वंदीची सख्खी भावंडं आहेत, आणि कीडही भावंडांत वाटून घेतली जाते. परसात भेंडी लावत असाल तर जास्वंद जरा लांब ठेवा. सगळ्यांत चिवट म्हणजे पिठ्या ढेकूण, कापसासारखे पांढरे पुंजके करून शेंड्यांना चिकटणारा. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, तेव्हा आधी मुंग्यांची वाट तोडा. मग पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि शेंडे फारच वेडेवाकडे झाले असतील तर ते काढून पिशवीत बंद करून टाका.

पिठ्या ढेकणाला खाणारा एक लहानसा ऑस्ट्रेलियन भुंगेरा आपल्याकडे १८९८ मध्ये कॉफीच्या किडीसाठी आणला गेला. त्याचं नाव क्रिप्टोलेमस. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या घेऊन फिरते, हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखी, त्यामुळे पुष्कळ लोक पिठ्या ढेकूण समजून तिलाच चिरडतात. तेव्हा पांढरा पुंजका दिसला की बोट लावण्याआधी मिनिटभर थांबा. बाकीच्यांपेक्षा आकाराने मोठा, लांब झिरमिळ्यांचा आणि चांगला तुरुतुरु चालणारा दिसला, तर त्याला त्याचं काम करू द्या.