पेशी किती झाल्या? वीस हजाराच्या आकड्यामागची गोष्ट

सांगलीत गणपती ते दिवाळी या डेंग्यूच्या दिवसांत कुणाच्या घरी ताप असला की बघायला आलेला माणूस 'ताप उतरला का' असं विचारतच नाही, थेट 'पेशी किती?' विचारतो. मग मोबाईलवर रिपोर्टचा फोटो, सकाळी ८० हजार, संध्याकाळी ५२ हजार, आणि आकडा २० च्या जवळ आला की गाडी काढा, मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात हलवा, ग्रुपवर 'अर्जंट एसडीपी डोनर पाहिजे' (एसडीपी म्हणजे एकाच रक्तदात्याकडनं घेतलेल्या प्लेटलेट्सची पिशवी). बरं, आपल्याकडं सगळे म्हणतात 'पांढऱ्या पेशी कमी झाल्यात', ते खरं तर चूक आहे, पांढऱ्या पेशी वेगळ्या (डेंग्यूत त्यापण कमी होतात म्हणून घोळ अजून वाढतो), आपण ज्याची धास्ती घेतो त्या प्लेटलेट्स, शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका. नॉर्मल म्हणजे एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख. पण हा २० हजाराचा आकडा आला कुठनं, तो काय डेंग्यूतनं आलेला नाही.

अंगावर लाल-जांभळे ठिपके उठतात, हिरड्यातनं रक्त येतं, हा आजार लोकांना आधीपासून माहीत होता. वेर्लहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १७३५ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं, पण तेव्हा प्लेटलेट नावाची काही वस्तू असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ते कळलं १८८२ च्या सुमारास, इटलीत तुरिनला बिझोझेरो नावाचा डॉक्टर जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीला इजा करून मायक्रोस्कोपखाली बघत बसला, तर जखमेच्या जागी सगळ्यात आधी हे चपटे कण येऊन चिकटताना दिसले. प्लेटलेट्स बोनमॅरोतल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या) मोठ्या पेशींचे तुकडे पडून तयार होतात हे राइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९०६ मध्ये सांगितलं.

मग कमी का होतात? इथली गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. १९१६ मध्ये प्रागमधला काझ्नेल्सन, अजून मेडिकलला शिकत होता, तो म्हणाला की प्लेटलेट्स तयार होत असतील पण पोटातली प्लीहा (स्प्लीन) त्या खाऊन टाकत असेल, काढून बघा. सरांनी ऐकलं (हे विशेषच), एका बाईंची प्लीहा काढली आणि आकडा उसळला. पण प्लीहा त्या का खाते? त्याचं उत्तर १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरनं स्वतःवर प्रयोग करून शोधलं, अशा पेशंटचं अर्धा लिटर रक्त स्वतःला चढवून घेतलं आणि काही तासांत त्याच्याच प्लेटलेट्स धाडकन खाली, फिट आली, अंगभर ठिपके, आठवडाभरानं सावरला. म्हणजे रक्तातच असं काहीतरी होतं जे प्लेटलेट्स मारत होतं, आज आपण त्याला अँटीबॉडी म्हणतो आणि आजाराला आयटीपी.

आता २० हजार. १९६२ मध्ये, म्हणजे आपलं मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं त्याच साली, अमेरिकेत गेडोस, फ्रायराइक आणि मँटेल यांनी ब्लड कॅन्सरच्या ९२ पेशंटचा अभ्यास छापला. त्यात दिसलं की २० हजाराच्या वर असताना मोठा रक्तस्राव क्वचितच होतो, पण अमुक रेषेच्या खाली गेलं की झालंच असं काही त्यांना सापडलं नव्हतं. तरी २० हजाराच्या खाली गेलं की प्लेटलेट्स चढवायच्या, हे डॉक्टरलोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. शिवाय त्या काळात तापाला ॲस्पिरीन सर्रास देत, ती प्लेटलेट्सचं काम बिघडवते हे नंतर कळलं, म्हणजे तेव्हाच्या रक्तस्रावात तिचाही वाटा असणार. पुढं कॅन्सरवाल्यांनीच ही मर्यादा १० हजारावर आणली, आपल्याकडं मात्र जुनाच आकडा चालू राहिला.

आणि तो डेंग्यूला चिकटला. १९९६ ला दिल्लीत मोठी साथ आली, तेव्हापासनं प्लेटलेट हा शब्द पेपरात, मग घराघरात. डेंग्यूत व्हायरस बोनमॅरोचं काम मंद करतो आणि रक्तातल्या प्लेटलेट्स पण नष्ट होतात, पण ते तात्पुरतं असतं, आठवड्याभरानं आकडा आपोआप चढायला लागतो, पपईच्या पानाचा रस आणि किवीला फुकटचं श्रेय मिळतं. खरा धोका रक्तवाहिन्यांतनं पाणी झिरपण्याचा, आणि तो बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होतो, जेव्हा घरचे 'सुटलो बाबा' म्हणून निवांत होतात. पोट दुखणं, सारखी उलटी, लघवी कमी होणं, पेशंट मलूल पडणं, रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, पाणी झिरपलं की रक्त दाट होऊन ते वाढतं) वर चढणं, हे बघायचं सोडून आपण सगळे प्लेटलेटच्या ओळीवर बोट ठेवून बसतो. सिंगापूर आणि मलेशियात डेंग्यूच्या ३७२ पेशंटवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, २० हजार किंवा त्याखाली असलेल्यांना रक्तस्राव नसताना नुसत्या प्लेटलेट्स चढवून फायदा झाला नाही, उलट रिॲक्शन जास्त आल्या. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लागतातच.

आमच्या जिल्ह्यातल्या जतकडं, आटपाडीकडं पाऊस कमी पण डेंग्यू आहेच, कारण टँकरचं पाणी आठ-आठ दिवस बॅरलमध्ये भरून ठेवावं लागतं आणि त्या डासाला स्वच्छ साठलेलं पाणीच आवडतं. 'कोरडा दिवस पाळा', म्हणजे आठवड्यातनं एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं सांगायला कर्मचारी येतात, पण पुढचा टँकर कधी येणार याची खात्री नसेल तर भरलेलं बॅरल कोण ओतणार.

प्लेटलेट्स कमी व्हायची बाकी कारणं भरपूर. मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), बी १२ ची कमतरता, दारूनं लिव्हर खराब होऊन फुगलेली प्लीहा, गरोदरपण, केमो, काही औषधं. उसाच्या फडात घोणस चावली तरी पडू शकतात, पण तिथं सापाच्या विषावरची लसच पाहिजे, प्लेटलेटची पिशवी लावून भागत नाही. एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक आजारात वेगळा असतो, आयटीपीचा माणूस २० हजारावर बाजार करून येतो, कारण त्याच्या प्लेटलेट्स थोड्या असल्या तरी ताज्या आणि दमदार असतात, ब्लड कॅन्सरवाल्याला तेवढ्यावर जपावं लागतं.

आणि कधी कधी कमी झालेल्याच नसतात. आमच्या चुलत्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आधीच्या तपासणीत आलं ३८ हजार. माणूस ठणठणीत, अंगावर एक ठिपका नाही, पण काकूंनी देव पाण्यात घातले आणि शेजाऱ्यांच्या परड्यातली पपई सकाळपर्यंत बोडकी झाली. मिरजेत दुसऱ्या लॅबमधल्या मॅडमनी मशीनवर न थांबता रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली धरली, म्हणाल्या गुठळ्या दिसतायत, आणि निळ्या झाकणाच्या बाटलीत परत रक्त घेतलं, तर १ लाख ९० हजार. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून इडीटीए घातलेलं असतं, काही लोकांच्या प्लेटलेट्स त्यातच एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. ऑपरेशन पंधरा दिवस लांबलं एवढंच. आता काका कुठल्याही लॅबमध्ये गेले की हात पुढं करायच्या आधी सांगतात, 'माझं निळ्या बाटलीत घ्या.'