एक-सिलिंडर कस्टम मोटरसायकल

एकाच सिलिंडरच्या इंजिनाभोवती, कारखान्याची मूळ रचना बदलून किंवा सांगाडा नव्याने जुळवून बांधलेली हलकी, चपळ मोटरसायकल. सरळ हमरस्त्यावर ती चार सिलिंडरांच्या गाडीपुढे टिकत नाही. मात्र इंजिन अरुंद आणि सुटे भाग थोडे असल्याने ती वळणात पटकन झुकते, ब्रेकही उशिरा लावता येतो. घाटरस्त्यावर किंवा वळणांच्या ट्रॅकवर तिची खरी किंमत कळते.

या प्रकाराचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. वॉल हँडली याने 1937 साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर बीएसए या ब्रिटिश कंपनीची 500 सीसी गाडी ताशी 100 मैलांहून अधिक वेगाने पळवून सोन्याचा तारा मिळवला. त्यावरून पुढच्या मॉडेलचे नाव ‘गोल्ड स्टार’ पडले. तिची 1956 ची डीबीडी34 ही आवृत्ती लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या तरुणांची लाडकी होती. अमाल कंपनीच्या मोठ्या कारब्युरेटरमुळे सिग्नलला थांबल्यावर तिचे इंजिन धड चालू राहत नसे आणि पहिला गिअर इतका लांब की शहरात क्लच सतत अर्धा दाबून ठेवावा लागे. तरीही लोक तिच्यामागे वेडे होते. खाली बसवलेली क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कच्या नळ्यांना वेगवेगळी आवळलेली) हँडले, मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि एकट्याची सीट ही कॅफे रेसरची, म्हणजे अशा तरुणांनी वेगासाठी बदललेल्या गाडीची, ओळख याच काळातली.

1978 साली आलेली यामाहा एसआर500 पुढे बांधणाऱ्यांची आवडती झाली. 499 सीसी, हवेने थंड होणारे इंजिन, तेल सांगाड्याच्या नळीतच, आणि सेल्फ स्टार्टर नाहीच. किक मारण्याचीही रीत आहे. डाव्या हाताची डीकंप्रेशन कळ (सिलिंडरमधला दाब सोडणारी) दाबून किक हळूहळू खाली न्यायची. इंजिनाच्या हेडवरच्या छोट्या काचेत खूण दिसली की कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एका दमात पूर्ण मारायची. मधेच घाई केली तर किक उलटून पायावर येते. तिची 400 सीसी बहीण जपानमध्ये 2021 पर्यंत बनत होती.

एक-सिलिंडर इंजिनाची मर्यादा पिस्टनमध्ये आहे. एकच मोठा पिस्टन वरखाली होताना गाडी धडधडते, आणि स्ट्रोक (पिस्टनचे वरपासून खालपर्यंतचे अंतर) लांब असेल तर आरपीएम (मिनिटाला फेरे) फार वाढवता येत नाहीत. एसआर500 चा स्ट्रोक 84 मिमी. 6500 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 18 मीटर होतो. केटीएम 390 ड्यूकच्या जुन्या, 373 सीसी इंजिनाचा स्ट्रोक 60 मिमी असल्याने तोच वेग गाठायला 9000 आरपीएम लागत. म्हणूनच इंजिन लहान असूनही ताकद 40 अश्वशक्तीच्या वर जाई. डुकाटीने 1993 च्या सुपरमोनोत धडधडीवर वेगळाच तोडगा काढला: व्ही-ट्विनचा (दोन सिलिंडर व्ही आकारात असलेल्या इंजिनाचा) दुसरा सिलिंडर काढून त्याच्या जागी केवळ तोल सांभाळणारा नकली कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारा दांडा) बसवला. 549 सीसीच्या त्या रेसिंग गाडीचे वजन सुमारे 120 किलो होते.

बांधणीत काय जोडले यापेक्षा काय काढले याला महत्त्व आहे. जड पत्र्याचे मडगार्ड, सेंटर स्टँड, साडीगार्ड, मोठी बॅटरी हे आधी जाते. लोखंडी रिमऐवजी अॅल्युमिनियमची रिम घातली तर फायदा दुहेरी, कारण ते वजन फिरते, म्हणून गाडी वेग पटकन घेते, आणि स्प्रिंगच्या खालचेही असते, म्हणून चाक रस्त्याला धरून राहते. त्यानंतर शॉक अॅब्सॉर्बर व ब्रेक, आणि इंजिनाला हात सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात बऱ्याच गाड्या नुसत्या दिसायला हलक्या असतात. टाकी रंगवली, सीट कापली, सायलेन्सर मोकळा केला, पण वजनकाट्यावर चार किलोंचाही फरक नाही. 2013 ची रॉयल एनफिल्ड कॉन्टिनेंटल जीटी 535 कॅफे रेसरच्या धाटणीची होती, सांगाडाही हॅरिस परफॉर्मन्स या ब्रिटिश कंपनीने विकसित केलेला, तरी वजन 184 किलो आणि ताकद 29 अश्वशक्ती.

390 ड्यूकचे उत्पादन पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यात होते, त्यामुळे तिचे सुटे भाग महाराष्ट्रात सहज मिळतात. पण कायदा आड येतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. सीट किंवा टाकीचा रंग बदलण्यावरून सहसा कोणी अडवत नाही (रंग बदलला तर आरसी बुकात नोंद मात्र हवी). दुसरे इंजिन किंवा नवा सांगाडा हा नोंदणीचाच प्रश्न होतो, आणि मोकळ्या सायलेन्सरवर वाहतूक पोलीस कारवाई करतात.