अर्ध्या वाटेत थांबणारा क्षार

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 138 टन घन इंधन भरलेलं असतं. त्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा असतो मिठासारख्या दिसणाऱ्या एका पांढऱ्या क्षाराचा: अमोनियम परक्लोरेट. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तोच पुरवतो. सोबतीला अॅल्युमिनियमची भुकटी, आणि सगळं एकत्र धरून ठेवणारं एचटीपीबी, म्हणजे टायरच्या रबराचंच भावंड.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो हा क्षार. 240 अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकाची रचना बदलते. त्याच सुमारास त्याचं विघटनही सुरू होतं, पण साधारण 30 टक्के क्षार संपला की क्रिया चक्क थांबते! तापमान तेच ठेवून कितीही वाट पाहा, ती पुढे सरकत नाही. 1950च्या दशकात ब्रिटनमध्ये बर्कमशॉ आणि न्यूमन या रसायनशास्त्रज्ञांनी हे बारकाईने मोजलं. उरलेला कण आतून भोकाभोकांचा झालेला असतो, पण असतो अमोनियम परक्लोरेटच. गंमत म्हणजे त्याला पाण्याची वाफ दाखवून पुन्हा तापवलं, तर तो परत विघटित होऊ लागतो.

असं का होत असावं? बहुतेक अभ्यासक मानतात ते स्पष्टीकरण असं: अमोनियम आपला एक प्रोटॉन परक्लोरेटला देतो आणि अमोनिया व परक्लोरिक आम्ल तयार होतं. आम्लाचे तुकडे होतात, पण सगळ्या अमोनियाचा त्यात निकाल लागत नाही. उरलेला अमोनिया पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि क्रियेच्या जागा अडवतो. साधारण 350 अंशांपुढे तोही सुटतो, मग उरलेला क्षार झपाट्याने संपतो.

उड्डाणात हे टप्पे दिसतच नाहीत. इंधन उष्णतेचं मंद वाहक असल्याने ज्वाळेखालचा केसाएवढा थरच तापतो, आणि क्षणार्धात वायू होऊन जातो.

खरी काळजी असते ती साठ्याची. गोदामाशेजारी आग लागून इंधन तासन्‌तास हळूहळू तापत राहिलं, तर क्षाराचे कण आतून पोखरले जातात. जळायला उपलब्ध असलेला पृष्ठभाग कितीतरी वाढतो, आणि अखेर पेट घेतला तर तो साध्या जळण्यापेक्षा फार हिंसक ठरू शकतो. म्हणूनच सुरक्षा चाचण्यांमध्ये असं इंधन एकदम आगीत ठेवून पाहतात, तसंच तासन्‌तास अगदी हळूहळू तापवूनही पाहतात.