भुताच्या झाडाला ढोली का असते?

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागाच बागा आहेत, पण संत्र्याच्या झाडावर भूत राहतं असं तिकडे कोणी सांगत नाही. मुंजा पिंपळावर, हडळ चिंचेवर. "पोट्ट्या, रातच्यानं त्या चिंचेखालून जाऊ नोको," असं आजी बजावते तेव्हा ती चिंच हमखास जुनी, कवेत न मावणारी आणि कुठेतरी ढोली पडलेली असते.

शिकलेला माणूस यावर एक ठरलेलं उत्तर देतो: झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पूर्वजांनी भुताची भीती घातली. हे उत्तर विज्ञानाचं वाटतं, पण हिशेबात बसत नाही. झाड रात्रीही श्वसन करतं हे खरं, मात्र उघड्यावर तो वायू लगेच पसरून जातो. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के, तर आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के. चार माणसं दारं-खिडक्या लावून झोपली, तर खोलीत तो झाडाखालच्यापेक्षा कितीतरी जास्त साचतो. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, हेही असंच ऐकीव. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो.

खरं उत्तर ढोलीत आहे. फांदी मोडते, जखमेतून बुरशी आत शिरते आणि खोडाचा गाभा कुजवते. गाभ्याचं लाकूड मुळात मेलेलंच असतं. झाड जगतं ते सालीलगतच्या थरावर. म्हणून आतून पोकळ झालेली चिंच वर्षानुवर्षं चिंचा देत राहते. मोठी ढोली पडायला मात्र कित्येक दशकं जावी लागतात. संत्र्याच्या झाडाला तेवढं आयुष्य मिळत नाही.

अशा ढोलीत उदमांजर दिवसा झोपतं. त्याच्या डोळ्यांत पडद्यामागे चकाकणारा थर असतो, त्यामुळे बॅटरीचा झोत पडला की फांदीवर दोन निखारे पेटल्यासारखे दिसतात. आणि पिंगळा, म्हणजे छोटं घुबड. दिवेलागणीला तो ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो: मूठभर देह, गोल डोकं, पांढऱ्या भुवया. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. समोरच्या वस्तूचं अंतर जोखायला तो अख्खं डोकं वरखाली करतो, आणि मान वळवून थेट पाठीमागे बघतो. मग जोडी मिळून जो कर्कश कलकलाट करते, तो अंधारात ऐकणाऱ्याला माणसांच्या भांडणासारखा वाटला तर नवल नाही.

झाडाखाली झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसतं म्हणतात, त्या भुताचं कारण वेगळं. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, हात हलत नाही, स्वप्न मात्र चालूच. उताणं झोपणाऱ्याला हे जास्त होतं. मग ती बाज झाडाखाली असो की घरात.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: भीतीपोटी कुऱ्हाड लागली नाही म्हणून झाड म्हातारं झालं, म्हातारं झालं म्हणून ढोली पडली, ढोलीत पिंगळा आला आणि त्याच्या आवाजानं भीती आणखी पक्की झाली. अंधश्रद्धा जायलाच हवी. पण तिच्याबरोबर झाडही जातं, तेव्हा जीव तुटतो. पिंगळ्याला स्वतःची ढोली कोरता येत नाही. त्याला आयती लागते.

मेळघाटातल्या रानपिंगळ्याचंही तेच. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. तो नामशेष झाला असं मानत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो नंदुरबारच्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही सापडला. तोही झाडांच्या ढोलीतच अंडी घालतो. म्हणून गावातली जुनी चिंच रस्त्यासाठी तोडायची वेळ आलीच, तर आधी एका संध्याकाळी तिच्याखाली उभं राहून ढोलीतून कोण बाहेर येतं ते बघावं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पिंगळ्याची पिल्लं आत असू शकतात.