वेताळ टेकडीच्या कातळात गोठलेली दिशा

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज आला: अमुक तारखेला ग्रहयुती आहे, मोठा भूकंप होणार, सावध राहा. भूकंपाचं ठिकाण, वेळ आणि तीव्रता आधीच सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही, पंचांगातही नाही. हे असले मेसेज वाचून झोप उडवून घेण्यापेक्षा आपल्या पायाखाली खरोखर काय चाललंय ते पाहू या. ते कितीतरी जास्त विलक्षण आहे.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या भिंतीशी जाऊन उभे राहा. काळा कातळ, त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं, काही भोकांत पांढरी खनिजं. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झाला, आणि तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होती. हे कुणी पाहायला नव्हतं. साक्ष देतो तो कातळच.

या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा या कणांत पक्की होते. आता गंमत बघा. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर उभी होते, मधे कुठेही ठरावीक कोनात कलते. हजारो वर्षांची सरासरी घेतली तर हिशेब सोपा आहे: कलाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. पुण्याच्या १८.५ अंशांना हा कल सुमारे ३४ अंश येतो. दख्खनच्या कातळात मात्र तो ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान सापडतो. उलट गणित करा, अक्षांश येतो सुमारे २९.

पण २९ उत्तर की दक्षिण? इथे खरी कसोटी लागते, कारण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात. दख्खनच्या बहुतेक थरांत गोठलेली ही सुई दक्षिणेकडे रोखलेली आणि खाली कललेली आहे. क्षेत्र उलटलेलं असताना असा कल दक्षिण गोलार्धातच मिळतो. शिवाय ती नेमकी दक्षिणेला नाही, थोडी आग्नेयेला झुकते. म्हणजे वाटेत भारत घड्याळाच्या उलट दिशेने वळलासुद्धा! एवढं सगळं काढायला बोटाएवढा दगडी नमुना पुरतो. तो ड्रिलने कापतात आणि सोडवण्याआधी त्याच्यावर दिशेची खूण करतात. वीज पडलेली जागा टाळतात, कारण विजेच्या प्रवाहाने ही जुनी नोंद बिघडते.

१९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा ते कोणत्या जोराने सरकतात हे त्याला इतरांना पटेल असं सांगता आलं नाही. १९५० च्या दशकात अशाच चुंबकीय मोजमापांमुळे त्याच्या कल्पनेकडे पुन्हा लक्ष गेलं.

खंड लाव्हाच्या समुद्रावर तरंगतात, असं मात्र समजू नका. कवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, घन आहे. द्रवातून जाऊ न शकणाऱ्या भूकंपाच्या एस लहरी त्यातून आरपार जातात. तापलेला घन खडक लाखो वर्षांत संथपणे वाहतो, इतकंच. भूपट्टांना, म्हणजे खंड आणि सागरतळ वाहून नेणाऱ्या पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांना, सगळ्यात जास्त ओढ लावतो तो सागरतळच. थंड, जड झालेला तळ दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो आणि उरलेल्याला आपल्यामागे खेचतो. भारताच्या उत्तरेला तेव्हा असलेल्या टेथिस समुद्राचा तळ असाच आशियाखाली बुडत गेला.

२९ दक्षिणेपासून १८.५ उत्तरेपर्यंत सुमारे ५,३०० किलोमीटर होतात, म्हणजे सरासरी वर्षाला ८ सेंटिमीटर. आज जीपीएस सुमारे ५ सेंटिमीटर दाखवतं, ईशान्येकडे. जवळपास ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर सुरू झाली आणि वेग मंदावला. हिमालय उचलला गेला तो याच टकरीत. आज आईचं बोट धरून वेताळ टेकडी चढणारं पोर साठ वर्षांनी पुन्हा तिथे येईल, तेव्हा ती खाण ३ मीटर पुढे गेलेली असेल.